डेडपूलच्या घरातली म्हातारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: «मी मराठीत एक कॉमिक लिहितोय. नायक सुपारी घेणारा, चेहरा ॲसिडने गेलेला, पण मनाने अगदीच वाईट नाही असा. अमेरिकन कॉमिकमधल्या डेडपूलच्या घरात ब्लाइंड ॲल आहे, तशी एक अंध म्हातारी माझ्या नायकाच्या घरात ठेवायची आहे. तिला त्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्याचं चांगलं मन तिला कळतं. हे जमेल का? आणि अंध बाई खरी वाटावी म्हणून काय काय दाखवू?»

तुमच्या त्या «म्हणून»पाशीच मी अडलो. बाकी सगळं जमेल, तो «म्हणून» तेवढा काढा. कारण सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर हा कोण टिकोजीराव असं वाटेल. अंध आणि अल्पदृष्टी माणसांना चालायला शिकवणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. काठी, जिने, रस्ता ओलांडणं, बस, लोकल. मला स्वतःला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. कडेची नजर गेली, मधली एवढीशी उरली, नळीतून पाहिल्यासारखी. कॉमिकचं पान उघडलं की मला एका वेळी एकच चौकट दिसते, पुढची दिसायला मान हलवावी लागते. पानाच्या खालच्या कोपऱ्यातला धक्का मला कधीच आधी दिसत नाही, त्यामुळे या छंदात माझं नुकसान होतं असं मला अजून तरी वाटलेलं नाही.

आता तुमचा «म्हणून». ही युक्ती जुनी आहे, अगदी दोनशे वर्षं जुनी. १८१८च्या फ्रँकेन्स्टाइन कादंबरीत तो राक्षस सगळ्यांकडून मार खातो, आणि त्याच्याशी माणसासारखं बोलतो तो एकटा अंध म्हातारा दि लेसी. डोळस मुलं घरी येतात आणि सगळं फिसकटतं. १९६२ साली लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी फँटॅस्टिक फोर या कॉमिकच्या आठव्या अंकात ॲलिशिया मास्टर्स आणली. ती अंध, मूर्ती घडवणारी, आणि दगडासारखं अंग झालेल्या बेन ग्रिमवर जीव लावणारी. लेखकाला यात फार सोय असते. नायक वरून भयंकर आणि आतून सोनं आहे हे त्याच्या वागण्यातून पटवायला पानंच्या पानं लागतात. एक अंध पात्र शेजारी बसवलं की दोन चौकटीत काम होतं. आंधळ्याने सही केलेला चारित्र्याचा दाखलाच म्हणा ना.

पण यात एक गृहीत लपलंय: पूर्वग्रह डोळ्यांतून येतो, आणि डोळे नसले की माणूस निर्मळ होतो. माझ्या वर्गात येऊन बसा एक दिवस. माझे विद्यार्थी माणसं जोखतात आणि निर्दयपणे जोखतात. आवाजावरून, गुटख्याच्या वासावरून, चहावाल्या पोऱ्याशी कोण कसं बोलतं त्यावरून. आणि चेहऱ्याचं म्हणाल तर तेही त्यांना कळतं, दुसऱ्यांच्या आवाजातून. चेहरा गेलेला माणूस दुकानात शिरला की दुकानदाराचं वाक्य मध्येच क्षणभर अडखळतं. कडेवरचं पोर रडायला लागतं. आई «चल चल, तिकडे नको बघू» असं कुजबुजते. तुमची म्हातारी त्याच्याबरोबर दोनदा वाण्याकडे गेली तर तिसऱ्यांदा जायच्या आत तिला सगळं कळलेलं असेल. ती बोलत नसेल, एवढंच.

ब्लाइंड ॲल मला आवडते ती यासाठी, की तिच्याबाबतीत लेखकाने ही सोय घेतलेली नाही.

डेडपूल म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला, चेहरा विद्रूप झालेला, सुपारी घेणारा मारेकरी. तो पहिल्यांदा आला १९९१च्या फेब्रुवारीत, न्यू म्युटंट्स या कॉमिकच्या ९८व्या अंकात, फेबियन निसिएझा आणि रॉब लायफेल्ड यांच्या हातून. मग १९९३ आणि १९९४ मध्ये त्याच्या दोन छोट्या मालिका झाल्या. १९९७च्या जानेवारीत त्याला स्वतःची मासिक मालिका मिळाली, लेखक जो केली, चित्रकार एड मॅकगिनेस. आणि पहिल्याच अंकात ॲल आहे. हे सहज झालं असं मला वाटत नाही. दुसऱ्या कुणाच्या अंकात चार पानं येऊन गोळ्या झाडून जाणाऱ्या माणसाला घर लागत नाही. दर महिन्याला बावीस पानं त्याची म्हटलं की तो घरी काय करतो, कुणाशी भांडतो, हे दाखवावंच लागतं. केलीने त्याला सॅन फ्रान्सिस्कोत घर दिलं आणि घरात एक तिरकस, खवचट, अंध म्हातारी दिली. सुरुवातीला वाचताना दोघं म्हणजे चाळीतले कायमचे भांडणारे शेजारी वाटतात. एकमेकांच्या खोड्या काढणं, टोमणे, शिव्या. आपण हसतो.

मग हळूहळू लक्षात येतं की ही बाई इथे राहत नाही, तिला इथे ठेवलंय. ती कैदी आहे. बाहेर जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. डेडपूलचा मित्र वीझल लपूनछपून तिला भेटायला येतो हे डेडपूलला कळतं तेव्हा, चौदाव्या अंकाच्या आसपास, विनोदाचा सगळा रंग उतरतो. त्या घरात «द बॉक्स» नावाची एक खोली आहे, टोकदार आणि धारदार वस्तूंनी भरलेली. शिक्षेसाठी. वीझल आणि ॲल दोघांची रवानगी तिथे होते.

त्या खोलीबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण माझ्या कामाचा माणूसच ते बोलू शकेल. डोळस वाचकाला ती खोली म्हणजे अंधारातली भीती. वीझलच्या बाबतीत ते खरंही आहे. ॲलला अंधाराचं काय? तिच्यासाठी तिथे भयानक काय आहे ते वेगळंच आहे: त्या खोलीत हात लावायची सोय नाही. मी नव्या विद्यार्थ्याला अनोळखी खोलीत सोडतो तेव्हा पहिलं शिकवतो ते भिंत गाठायला. बोटं किंचित वाकवून, हाताची पाठ भिंतीला लावून पुढे सरकायचं, म्हणजे खिळा किंवा कडी लागली तरी बोटांची टोकं वाचतात. दुसरा हात छातीसमोर किंवा चेहऱ्यासमोर आडवा. अर्ध्या तासात खोली त्याची होते. जिथे प्रत्येक पृष्ठभाग कापतो, तिथे हे सगळं संपलं. म्हणजे तिचे डोळे नाहीतच, आता हातही काढून घेतले. केलीने इतका विचार करून लिहिलं होतं की नाही कोण जाणे, पण मी ती पानं वाचली त्या रात्री जेवलो नाही.

आणि इथेच ॲल या पात्राचं खरं काम दिसतं. डेडपूल बाकीच्या जगात विनोद करतो, वाचक त्याच्या बाजूला असतो, मरणारे लोक बहुतेक मरायच्याच लायकीचे असतात. तो किती वाईट आहे हे मोजायचं माप घरात आहे. ती त्याला माफ करत नाही. तिला त्याचा चेहरा दिसत नसेल, पण तो कुठल्या मूडमध्ये घरी आलाय हे दरवाजा उघडण्याच्या आवाजावरून तिला कळतं, कारण कैद्याला ते कळावंच लागतं. दोघांत माया नाही असंही नाही, आणि तीच सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. तिच्याकडून चांगुलपणाचा दाखला मिळावा असं त्याला फार वाटतं. ती तो देत नाही.

सिनेमात हे सगळं गुळगुळीत झालं. २०१६च्या डेडपूलमध्ये ॲलचं काम लेस्ली उगम्स यांनी केलंय, तिथे ती कैदी नाही, एकत्र भाड्याने राहणारी जोडीदार आहे. मी तक्रार करत नाही, दोन तासांत तो काळोख मावला नसता, आणि उगम्सबाईंची टायमिंग लाजवाब आहे. प्रेम आंधळं असतं असं ती त्याला समजावते, तर तो म्हणतो नाही, आंधळी तू आहेस. हा विनोद मी माझ्या वर्गात सांगितला तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध असलेल्या एक आजी. त्यात कीव नाही, म्हणून तो चालतो. रक्ताचे डाग कसे काढायचे हे ती त्याला सांगते तो प्रसंगही मला पटतो, कारण रक्ताला वास असतो, लोखंडासारखा. आणि जमिनीवर बसून ती आयकियाचं कपाट जोडत असते, ते तर झकासच. स्क्रू, डोव्हेल, फळी हे सगळं हाताचंच काम आहे. फक्त एक गंमत कुणाच्या लक्षात आली की नाही माहीत नाही: आयकियाच्या सूचनापत्रात शब्दच नसतात, नुसती चित्रं. म्हणजे ते तिला वाचून दाखवायचीही सोय नाही!

दुसरा खड्डा तुम्ही अजून खणलेला नाही, पण खणाल म्हणून आधीच सांगतो. डोळे काढून घेतले की लेखकाला अपराधी वाटतं, मग तो भरपाई देतो. डेअरडेव्हिल या अंध सुपरहीरोला १९६४ पासून रडारसारखी जाणीव आहे. ते ठीक, तो नायक आहे, त्याचं नाव मुखपृष्ठावर आहे. पण सहाय्यक पात्रांचीही तीच गत. १९८१च्या जानेवारीत एक्स-मेनच्या १४१व्या अंकात आलेली डेस्टिनी अंध, म्हणून तिला भविष्य दिसतं. त्याच्या आदल्या वर्षी स्पायडरमॅनमध्ये आलेली मादाम वेबही अंध, तिलाही पुढचं दिसतं. १९८१ मध्येच फ्रँक मिलरने डेअरडेव्हिलला शिकवणारा स्टिक आणला, तो अंध म्हातारा, काठीने दहा जणांना लोळवणारा. आपल्याकडे हे नाही असं समजू नका. लोखंडाचा भीम कवटाळून चुरा करणारा धृतराष्ट्र आपल्याच आजीने सांगितलेला आहे, आणि त्याचं आंधळेपण पुत्रमोहाची खूण म्हणूनच आपण ऐकलं. एकतर चमत्कार, नाहीतर रूपक. आणि म्हणींमध्ये तर आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, म्हणजे अंध माणूस म्हणजे फसवला जाणारा. ॲल या तिन्हींत बसत नाही. तिला भविष्य दिसत नाही, ती कशाचंही प्रतीक नाही, आणि तिला फसवणं अवघड आहे. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला भूतकाळ तिच्या मागे आहे, तो तिला डोळ्यांची भरपाई म्हणून मिळालेला नाही. तो तिने केलेल्या नोकरीतून आलाय.

कान तिखट होतात का? असं सगळे विचारतात. कान तेच असतात, लक्ष जास्त असतं. जिभेने टकटक करून समोर भिंत आहे की उघडी जागा हे ओळखणारे लोक आहेत, ते शिकता येतं, पण त्याला सराव लागतो आणि गर्दीत ते निकामी होतं. पाऊस मात्र खरोखर मदत करतो. पत्र्यावर वेगळा, पानांवर वेगळा, छत्रीवर वेगळा, मोटारीच्या टपावर वेगळा. अंगणातली एरवी गप्प असलेली प्रत्येक वस्तू आपली जागा सांगायला लागते. तुमचं कॉमिक जुलै महिन्यात ठेवलंत तर म्हातारीला एक अख्खं अंगण फुकट मिळेल. पण त्याच पावसात वाहनांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि रस्ता ओलांडणं धोक्याचं होतं. हेही त्याच पानावर आलं पाहिजे.

आता खरी वाटण्याबद्दल. चित्रकार जी पहिली चूक करतात ती काठीची. म्हाताऱ्याच्या टेकायच्या काठीसारखी पांढरी काठी काढतात. ही लांब असते, जमिनीपासून साधारण छातीच्या हाडापर्यंत. दुसऱ्या महायुद्धात अंध होऊन आलेल्या अमेरिकन सैनिकांना व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी ही पद्धत शिकवली, आणि आजही मी तीच शिकवतो: टोक खांद्यांपेक्षा जरा रुंद कमानीत इकडून तिकडे, उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे. म्हणजे पुढची पावलं पडायची जागा काठीने आधी तपासलेली असते. चित्रात पाय आणि टोक एकाच बाजूला दिसले की मला ती बाई पुढच्या चौकटीत पडणार असं वाटतं. आणि स्वतःच्या घरात ती काठी वापरणारच नाही, दाराशी टांगून ठेवेल. तिथे ती तुमच्या नायकापेक्षा भरभर चालेल, लाइट गेल्यावर तर विचारूच नका.

डोळे पांढरे काढू नका. माझ्याकडे बघून कुणाला पटत नाही मला दिसत नाही म्हणून, त्यावरून लोकलमध्ये दोनदा शिव्या खाल्ल्यात. बहुतेक अंध म्हणवणाऱ्यांना काहीतरी दिसतं: उजेड, हालचाल, एखादा रंग. तुमच्या म्हातारीला काय दिसतं ते ठरवा आणि मग शेवटपर्यंत पाळा. तिची नजर केव्हा गेली तेही ठरवा. जन्मापासूनच नजर नसेल तर लाल रंग तिला ऐकून माहीत आहे, पन्नाशीत गेली असेल तर तिला स्वतःच्या लग्नातल्या शालूचा रंग अजून दिसतो.

चेहरा चाचपणं पूर्ण बंद. तुमच्या आराखड्यात तो प्रसंग असणार याची मला जवळजवळ खात्री आहे: ती थरथरत्या बोटांनी त्याचा जळका गाल चाचपते, आणि त्याच्या डोळ्यात पाणी. बावीस वर्षांत माझा चेहरा एकाही विद्यार्थ्याने चाचपलेला नाही. अनोळखी माणसाच्या तोंडावरून हात फिरवणं त्यांनाही तुमच्याइतकंच अवघड वाटतं. हवंच असेल तर असं करा: रस्ता ओलांडताना ती त्याचं कोपर धरते, बाही वर गेलेली असते, आणि कातडी तिच्या बोटांखाली वेगळी लागते. ती काही बोलत नाही, हात तसाच ठेवते. किंवा काढून बाहीवर ठेवते. यातलं ती काय करेल ते तुम्हालाच शोधावं लागेल, आणि तेच तुमचं कॉमिक असेल.

गुंडाच्या घरात पैसे असणारच, म्हणून नोटांचं सांगतो, यात नाट्य आहे. जुनी पाचशेची नोट हातातच कळायची. आता शंभर, दोनशे आणि पाचशे तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटर, आणि लांबी १४२, १४६, १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक. बोटावर मापून घडी घालणारे लोक आहेत: शंभराची एक घडी, पाचशेची दोन, दोनशेची अजिबात नाही, असं प्रत्येकाचं स्वतःचं गणित. रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप २०२० पासून आहे, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बोलून सांगतं. आता कल्पना करा, तुमचा नायक भाड्याचे पैसे देताना पाचशेऐवजी दोनशे सरकवतो का? डेडपूल सरकवेल. आणि ॲल त्याच्यासमोर ॲप उघडून प्रत्येक नोट मोठ्या आवाजात वाचून घेईल, पाच माणसांसमोर.

छळ दाखवायचा असेल तर मारहाण लागत नाही. खुर्ची एक फूट सरकवा. मीठ-साखरेचे डबे बदला. बोलता बोलता न सांगता उठून जा आणि तिला रिकाम्या खोलीशी बोलू द्या. हे तर चांगली चांगली माणसं रोज करतात. त्याच्या चांगुलपणाचंही तसंच. तो निघताना «मी निघालो» असं म्हणतो, एवढ्याने भागतं.

शब्दांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उद्या कुणीतरी विचारेल. सरकारी कागदावर दिव्यांग, संस्थेत दृष्टिहीन, वर्तमानपत्रात अंध, आणि नायकाच्या तोंडी आंधळी. त्याला सुसंस्कृत करू नका. फक्त ती स्वतःला काय म्हणते ते वेगळं ठेवा.

तिच्या नजरेतून चौकट दाखवायची म्हणून अख्खी काळी करू नका, पूर्ण अंध असलेल्यांपैकीही कितीतरी जण म्हणतात की त्यांना काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही, जसं तुम्हाला पाठीमागचं दिसत नाही. त्यापेक्षा संवादांचे फुगे चौकटीच्या बाहेरून येऊ द्या. बोलणारा चित्रात नाही, आवाज कुठून येतोय ते फक्त फुग्याच्या शेपटीवरून कळतं, आणि वाचकाला मान वळवावीशी वाटते. हे कॉमिकलाच जमतं, सिनेमाला नाही.

पहिली दहा पानं झाली की एखाद्या अंध माणसाला गाठा आणि चौकट चौकट वाचून दाखवा, चित्रात काय आहे ते सांगत. सल्ला मागू नका, नुसतं वाचा. मी असं बॉक्सचं प्रकरण एका विद्यार्थिनीला वाचून दाखवलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, «त्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर?» मी पानं पुन्हा चाळली. चित्रकाराने भिंतीवरची धार न् धार काढली होती. दाराकडे मात्र मीही पहिल्यांदाच पाहत होतो.